गेनभाऊंच्या हिरड्या

बेल्ह्याच्या बैलबाजारात दलाली करणारे गेनभाऊ रामराम घालतात तो समोरच्याच्या तोंडाकडे बघत. जनावराचं वय दातांवरून ओळखायचं हा त्यांचा धंदा, आणि त्यात माणूस आणि खोंड असा भेद ते करत नाहीत. माझ्या मुलाचे दुधाचे दात पडून पुढचे दोन आले, तेव्हा माझ्या भर दुकानात ओरडले, "शेठ, पोरगं दोन दाती झालं!" मतं मागायला आलेला एक उमेदवार हात जोडून हसला, तर माझ्या कानात म्हणाले, "वय चोरतोय. जुळून लई वर्सं झाली." सगळे दात आलेल्या बैलाला जुळलेला म्हणतात. उमेदवाराला ऐकू गेलं नाही म्हणून बरं.

स्वतःचं तोंड मात्र कुलूपबंद. हसू आलं की उपरणं तोंडावर. माझं मेडिकलचं दुकान, त्यामुळे त्यांच्या शुगरच्या गोळ्या मीच देतो. गोळी ते चहाबरोबर घेत आणि चहा गुळाचा. "बंदी साखरेवर हाय, राव. गुळाचं नाव काडलं का कुणी?" इथे माझ्या फार्मसीच्या पदवीने हात टेकले.

एकदा दुकानासमोर त्यांनी चूळ भरली ती लाल निघाली. गेनभाऊ पान खात नाहीत. मी रागावून त्यांना गाडीवर घातलं आणि आळेफाट्याला दातांच्या डॉक्टरकडे नेलं. डॉक्टर तरुण मुलगी. "आजोबा, आ करा," म्हणाली.

"आदी तुमी मास्क खाली घ्या."

बिचारीने घेतला. "अक्कलदाढ यायचीय अजून," असा निकाल देऊन मगच गेनभाऊंनी आ केला.

हिरड्या सुजलेल्या, दोन दात हलत होते. तिने समजावलं, रक्तात साखर वाढलेली राहिली की शरीर आतून गंजल्यासारखं झिजतं, हिरड्या सुजतात. आणि हिरड्या सुजल्या की साखरही आणखी आवरत नाही.

"गंज? मग ग्रीस मारा की." मग जरा विचार करून म्हणाले, "म्हंजी एका दाव्याला दोन खोंडं. एक उधळलं की दुसऱ्याला वढतंय."

"अगदी बरोबर. हिरड्या खोलवर साफ करू. पण गूळसुद्धा बंद, नाहीतर हे दात जातील. पुढच्या वेळी आजींना आणा, त्यांना पथ्य सांगते."

गेनभाऊंचा चेहरा पडला. "तिला नगं आणायला."

बायकोपासून का लपवता म्हणून बाहेर आल्यावर मी त्यांना चांगलंच फैलावर घेतलं. त्यांनी उपरण्याचं टोक बोटाला गुंडाळलं.

"शेठ, भाकरीचा कडक पापुद्रा हिरडीला टोचतो. म्हून दोन वर्सं तो काडून हिच्या ताटात टाकतोय. सबंद जन्मात मी तिला हातानं काय दिलं न्हाई. तिला वाटलं, म्हातारा जीव लावाया लागला. साऱ्या आळीला सांगत सुटली. आता ते हिरड्यापायी व्हतं, हे कोणत्या तोंडानं सांगू?"

मला हसू आलं आणि वाईटही वाटलं. घरी सांगणार नाही, असा शब्द दिला. बदल्यात त्यांना गूळ सोडायला लावला. गेनभाऊंनी कुरकुरत का होईना, पाळलं. चार-सहा फेऱ्यांत सूज उतरली, शुगर उतरली, दात राहिले. आता कडक खायलाही डॉक्टरांची हरकत नाही.

परवा त्यांच्याकडे जेवायला होतो. तव्यावरून भाकरी आली. गेनभाऊंनी पापुद्रा अलगद सोडवला आणि शेजारी बायकोसाठी, म्हणजे हौसावहिनींसाठी, मांडलेल्या ताटात ठेवला. वहिनी चुलीपाशी होत्या. मी हळूच म्हटलं, "आता तर तुम्हाला चावतंय की."

"चावतंय," गेनभाऊ म्हणाले. "पर ती वाट बघती."