गाढवांना ‘अहो’ म्हणणारी काकी

आमची सुमनकाकी गाढवांना ‘अहो’ म्हणते. समोर कलेक्टर आला तरी ती त्याला ‘अरे’च म्हणेल, पण गाढवाचा खूर धुताना मात्र, “अहो, पाय उचला जरा,” असं अदबीनं सांगते.

काकी शेणवे गावची. सारा जन्म भातशेतीत गेला. काका गेले आणि तिला फिरायचं वेड लागलं. गावातल्या बायकांची सहल निघाली की काकी पहिली तयार. गाडीतून उतरल्या उतरल्या विचारणार, “आजारी जनावरं कुठं सांभाळतात इथं?” मग बाकीच्या देवळात आणि काकी पदर खोचून शेण भरायला. दर्शनाचं विचारलं, तर म्हणते, “देव काय आजारी नाय.”

गेल्या हिवाळ्यात उदयपूरच्या सहलीला काकीच्या सोबतीला मीही होतो. शहराबाहेर जनावरांचा एक आसरा होता. तिथल्या माणसाला मराठी येईना, काकीला हिंदी. तरी पाचव्या मिनिटाला काकीच्या हातात खराटा होता आणि तो तिला चहा विचारत होता. तीन दिवसांत आम्ही ना तलाव पाहिला, ना महाल. मी घमेली उचलत मनातल्या मनात चरफडत होतो.

शेवटच्या दिवशी एक म्हातारं गाढव आडवं झालं. डॉक्टरांनी तपासून नुसती मान हलवली. संध्याकाळी आमची परतीची गाडी. मी पिशव्या घेऊन उभा, आणि काकी त्याचं डोकं मांडीवर घेऊन बसलेली.

“काकी, गाडी चुकेल!”

“तू जा. मी येते मागनं.”

“त्याला काय कळतंय आता?”

“मला कळतंय ना.”

गाडी चुकली. बाकीच्या बायका पुढे गेल्या. ऊन उतरता उतरता त्याचा श्वास थांबला. काकीनं त्याच्या डोळ्यांवरून हात फिरवला. “या आता,” म्हणाली.

दोन गाड्या बदलून गावाजवळच्या खर्डी स्टेशनला उतरलो. रिक्षा भरायची वाट बघत बसलो. मी अजून फुगलेलाच. कापणी झालेल्या खाचरांकडे बघत काकी म्हणाली,

“तुजे काका अकरा दिवस दवाखान्यात होते. मी जागची हलले नाय. शेवटी तेच बोलले, जा गो, चहा पिऊन ये. खाली गेले. वर आले, तर तोंडावर चादर.”

तिच्या साडीला गाढवाचे केस चिकटले होते. रिक्षा भरली. काकीला आत बसवून मी शेजारी टेकलो आणि विचारलं,

“काकी, पुढची सहल कधी?”