भिंतीविना दांडी

मावशींच्या न्हाणीघरात आधाराची दांडी बसली, मावशी न घसरता आंघोळ करू लागल्या आणि प्रकरण समाधानकारकरीत्या निकाली निघाले. आता हे घडलेच नाही असे समजून पुढे जाऊ. भाडेकरू साहाय्य कार्यालयानेही तसेच केले.

लोकांचे कपडे शिवता शिवता मावशींचे गुडघे गेले. जीभ तेवढी शाबूत राहिली. न्हाणीघरात दुसऱ्यांदा घसरल्यावर त्यांनी घरमालकाकडे एक दांडी मागितली.

"भिंतीला भोक पाडायचं नाही," घरमालक म्हणाले. "भिंत माझी, पाय तुमचे. ज्याने त्याने आपापलं सांभाळावं."

मावशी भाडेकरू साहाय्य कार्यालयात गेल्या. तिथल्या साहेबांनी आपुलकीने खुर्ची दिली.

"दांडी हा तुमचा हक्क आहे, मावशी. अखंड भिंत हा त्यांचा हक्क. दोन्ही हक्कांचं आम्ही रक्षण करणार."

"मग दांडी ठोकणार कशात? हवेत?"

"तो तांत्रिक मुद्दा झाला."

तांत्रिक मुद्दा दुसऱ्या दिवशी सकाळी दारात हजर झाला. तो एक धट्टाकट्टा इसम होता. पदनाम दांडीधारक. त्याने न्हाणीघरात उभे राहून दोन्ही हातांनी दांडी आडवी धरायची, भिंतीला मात्र टेकायचे नाही, असा आदेश होता.

"अरे मेल्या, तुझ्या देखत मी आंघोळ करू?" मावशींनी विचारले.

"मलाही लाज वाटते हो, मावशी. पण नेमणूक कायम आहे."

तक्रारीची तत्काळ दखल घेऊन कार्यालयाने त्याच्या डोळ्यांवर पट्टी बांधली. कामाच्या वेळेत ती काढण्यास सक्त मनाई होती. साहजिकच पहिल्याच दिवशी साबणावरून घसरला तो दांडीधारक. तेव्हापासून मावशी त्याला दंडाला धरून आत नेत, उभा करत आणि पुन्हा धरून बाहेर आणत. आंघोळीला वेळच उरेना.

अशातच पाहणी अधिकारी आले. एक म्हातारी डोळ्यांवर पट्टी असलेल्या माणसाला सांभाळून नेते आहे, हे त्यांनी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिले आणि शेरा मारला: "रहिवासी दृष्टिहीन. सोबत मदतनीस."

"साहेब, मला दिसतं!" दांडीधारक ओरडला.

"पट्टी काढून दाखवा."

"कामाच्या वेळेत काढता येत नाही."

"मग काम संपल्यावर कार्यालयात येऊन दाखवा."

"तेव्हा कार्यालय बंद असतं."

"बघा, म्हणजे दिसत नाहीच."

गरज जास्त म्हणून खोली दांडीधारकाच्या नावे झाली. मावशींना मदतनीस म्हणून राहता आले असते. पण मदतनिसाचे गुडघे धड असावेत अशी अट निघाली. त्यांना खोली रिकामी करण्याची नोटीस आली. दांडीधारक पट्टीतूनच रडला. "मावशी, खोली तुमचीच. मी जातो."

"जाशील कुठे बाबा? रस्ता दिसतोय का तुला?"

मावशी शिलाई मशीन हातगाडीवर लादून पुन्हा कार्यालयात गेल्या. साहेबांनी आपुलकीने खुर्ची दिली, फाइल पहिल्या पानापासून वाचली आणि नियमांत कुठेही चूक नसल्याची खात्री करून घेतली. चूक मावशींच्या वयात होती. ती इतरांकडून होऊ नये म्हणून साहेबांनी सर्व नागरिकांसाठी परिपत्रक काढले. आपल्यालाही ते लागू आहे:

'भिंतीबाबत धोरण ठरेपर्यंत प्रत्येकाने आहे त्याच वयात थांबावे, ही नम्र विनंती.'