मागच्या लिफ्टमधलं कीर्तन

"सोजरा, शिऱ्याचं पातेलं गच्चीच्या दारापर्यंत नेऊन दे आणि खाली ये," सुमतीबाई म्हणाल्या. "वर खुर्च्या मोजक्याच आहेत."

"मला खुर्ची कामून लागती, बाई? दाराशी उभी ऱ्हाते. आमचं चिंताकी गाव सोडल्यापासून कीर्तन कानावर न्हाई."

"माझं काही नाही गं. पण कमिटी आहे ना."

कमिटीचे अध्यक्ष म्हणजे सुमतीबाईंचेच यजमान, पांडुरंगराव. पण तो विषय दोघींनीही काढला नाही.

कलबुर्गीतल्या त्या सातमजली इमारतीत लिफ्ट दोन. पुढची आरशाची, घरमालकांना. मागची लोखंडी जाळीची. ती गॅसच्या टाक्या, कचऱ्याच्या बादल्या आणि सोजराबाईसारख्या धुण्याभांड्याच्या बायकांना. पातेलं कमरेवर घेऊन सोजराबाई मागच्या लिफ्टमध्ये शिरली, तर आत एक घामाघूम म्हातारे गृहस्थ उभे. धोतर, खांद्याला पिशवी.

वॉचमन शिवशंकरप्पांनीच त्यांना फाटकावरून इकडं पाठवलं होतं. "आचारी ना? मागून, अप्पा, मागून."

लिफ्ट कुरकुरत निघाली. सोजराबाईची नजर पिशवीवर गेली आणि पातेलं हातातून सुटता सुटता राहिलं. पिशवीतून चिपळ्या डोकावत होत्या. हेच ते निर्ण्याचे हरिबा महाराज, ज्यांच्यासाठी वर मांडव, माईक आणि जरीच्या साड्या खोळंबल्या होत्या.

"महाराज, तुमी हिकडून?"

"ज्यानं पाठवलं त्याला ठाऊक," महाराज म्हणाले, आणि वीज गेली.

इन्व्हर्टर होता तो फक्त पुढच्या लिफ्टला. ही लिफ्ट मागच्या बोळाच्या जमिनीपासून कमरेइतकी वर जाऊन लटकली. शिवशंकरप्पांनी खालून जाळी सरकवली, पिशवीतल्या चिपळ्या पाहिल्या आणि कपाळाला हात लावला. "थांबा, अप्पा, स्टूल आणतो."

स्टूल आलं की महाराज उतरणार, आरशाच्या लिफ्टनं वर जाणार, आणि आपलं कीर्तन संपलं, हे सोजराबाईला कळलं. "महाराज, स्टूल येईतो एक अभंग म्हना की. वर गेलाव की आमाला काई ऐकू येत न्हाई."

"नुसता अभंग कसा म्हणायचा, माय? आधी नमन करावं लागतं."

महाराजांनी चिपळ्या काढल्या, सोजराबाईच्या हाती टाळ दिला आणि नमन म्हटलं. आता नमन झालं की कीर्तनकार नारदाच्या गादीवर उभा राहिला, आणि आरतीपर्यंत तो जागा सोडत नाही. हे महाराजांना ऐन वेळी आठवलं नाही, की चांगलंच आठवत होतं, ते त्यांनी अजून कुणाला सांगितलेलं नाही.

विषय घेतला, देवाला भूक लागते का. आवाज बोळातून घुमला. ड्रायव्हर आले, भांडीवाल्या आल्या, इस्त्रीवाली मल्लेश्वरी आली. जिन्याच्या पायऱ्या भरल्या. शिवशंकरप्पा आणलेल्या स्टुलावर स्वतःच बसले.

वीज आली तसे पांडुरंगराव धापा टाकत पोचले. "महाराज, वर सगळे वाट बघतायत."

महाराजांनी गाता गाता आपल्या पायांकडे बोट दाखवलं.

"नमन झालंय, साहेब," सोजराबाईनं टाळ न थांबवता सांगितलं. "आता आरतीबिगर हालत न्हाईत."

"मग लिफ्टसकट वर घ्या."

"जाळी उघडी असली तर लिफ्ट हालत न्हाई, सर," शिवशंकरप्पा म्हणाले.

"मग जाळी लाव."

पायऱ्यांवरची सगळी डोकी एकदम पांडुरंगरावांकडे वळली. ते हळ्ळीखेडचे, लहानपणी कीर्तनातून उठलं की वडील कान पिळत. त्यांचा हात नकळत कानाकडे गेला. मग त्यांनी वर फोन लावला. "सगळ्यांना खाली पाठवा. हो, जिन्यानं."

वर जे पहिल्या रांगेत होते ते खाली शेवटी पोचले. सुमतीबाई हार घेऊन आल्या तेव्हा गॅसच्या टाकीशेजारी तेवढी अर्धी पायरी उरली होती.

"जरा सरकतेस का?"

"सरकायलाव की, अक्का," मल्लेश्वरी म्हणाली. "पदर सावरा, मागं बादली हाय."

पूर्वरंग संपला. यजमानांनी हार घालायचा, पण लिफ्टपर्यंत पाय ठेवायला जागा कुठे? हार हातोहात पुढे सरकला आणि सोजराबाईनं तो महाराजांच्या गळ्यात घातला. उत्तररंगात महाराज म्हणाले, "देव भुकेलाच आहे, बाबांनो. पण ताटाचा नव्हे, पंगतीचा." मांडी घालायला जागा नव्हती, म्हणून ते सगळ्यांना पटलं. आरती झाली, आणि शिरा तिथंच पायऱ्यांवर वाटला.

दुसऱ्या दिवसापासून वेगळाच घोळ. महाराज उभे राहिले ती लिफ्ट, म्हणून सगळा मजल्या-मजल्यावरचा महिलावर्ग तिच्यातूनच ये-जा करू लागला. कुणी जाळीला तुळशीची माळ बांधली. गॅसच्या टाक्यांना रांगेत थांबावं लागलं. कामाला उशीर नको म्हणून शिवशंकरप्पा सोजराबाईला आरशाच्या लिफ्टनं धाडू लागले. तिथं कधीच गर्दी नसे.

पुढच्या महिन्यात महाराज पुन्हा यायचे ठरले. कुठे, हे कमिटीला विचारावंच लागलं नाही. आदल्या दिवशी सुमतीबाई स्वयंपाकघरात घुटमळल्या.

"सोजरा, तू लवकर येशील ना उद्या? माझ्यासाठी एक पायरी धरून ठेवशील?"

"धरते की, बाई," भांडं विसळत सोजराबाई म्हणाली. "पर वेळंवर या. पायऱ्या मोजक्या हायत, आन् आमची कमिटी लई कडक हाय."