मागील दारच्या पुष्करणीस हिवाळ्यापासून राखिले त्याची हकीकत

श्री वरुणदेवता प्रसन्न. विघ्नहर्त्यास वंदन करून, गारठ्यात बोटे वळत नाहीत तरी त्यांस फुंकर घालून, जैसे घडले तैसे लिहिले असे. शके एकोणीसशे सेहेचाळीस, क्रोधी नाम संवत्सरे, आश्विन मासी, उत्तरेकडील एका बर्फाळ मुलखी श्रीमंत निळोजीराव राज्य करीत होते. राज्य म्हणाल तर चार खोल्या, एक मोटारखाना आणि मागील दारी पोहावयाची निळी पुष्करणी. तिजवर श्रीमंतांचा भारी जीव. दिवसभर कचेरीत वरिष्ठांची बोलणी खावी आणि उन्हाळ्याचे सायंकाळी तीत उताणे तरंगावे, आणि तेवढा वेळ गुडघ्यांची कळ थांबावी, आणि घरातून कोणी हाक मारिली तरी कानांत पाणी सबब ऐकू येऊ नये, ऐसे सुख त्रिभुवनी नाही, हे त्यांचे मत होते. परंतु गतवर्षी हिवाळ्यात नळ्यांत पाणी राहिले, आणि ते गोठून फुगले, आणि नळ्या फुटून अंगणभर चिखल जाहला. तेव्हा मातोश्री गोदूबाईसाहेबांनी हुकूम सोडिला की, "निळोबा, यंदा हे डबके पुन्हा फुटले तर माती भरून मेथी लावीन." मातोश्रींचा शब्द म्हणजे काळ्या दगडावरची रेघ. श्रीमंतांस अन्न गोड लागेना.

मग राणीसाहेब सगुणाबाईंशी मसलत करून थंडी येण्याआधीच मोहीम काढिली. प्रथम जाळी घेऊन पाण्यातील पाने काढिली, आणि मग भाड्याचे यंत्र आणून नळ्यांत वारा फुंकिला, तो दुसऱ्या मुखातून पाणी ऐसे उसळले की श्रीमंत नखशिखांत भिजले आणि राणीसाहेबांस हसू आवरेना. मग सर्व मुखांस बुचे ठोकिली आणि श्रीमंत मनी म्हणाले, गड राखिला. इतक्यात दिवाळी तोंडावर आलेली, माळे झाडून डबे घासून मातोश्री खराटा घेऊन मागील दारी प्रगट जाहल्या आणि पाणी पाहून कपाळास हात लाविला. शिळे पाणी घरात ठेवून कोणी दिवाळी करिते काय, हंडा उपसावा तैसे उपसून खसाखसा घासावे, ऐसी आज्ञा जाहली. पालथी मात्र घालू नये, येवढी सवलत दिली. श्रीमंतांसही वाटले की पाणीच नाही तर गोठणार काय? म्हणून पंप लाविला, आणि पाणी कमरेस आले, आणि मग गुडघ्यास आले.

तो कुंपणापलीकडील टोपीकर डंकीनसाहेब कॉफीचा पेला तसाच टाकून धावत आले आणि पंप बंद करवून सांगते जाहले की, पावसाने जमीन तुडुंब आहे, आतल्या पाण्याचे वजनानेच पुष्करणी जागी बसली आहे, ती रिकामी केली तर भुईतले पाणी तिजला होडीसारखे वर उचलील. आपले मेहुण्याची ऐसीच उचलली गेली आणि तळ पापडासारखा मोडला, हेही सांगितले. श्रीमंतांचे तोंडचे पाणी पळाले. मातोश्री तिकडून गरजल्या की, परक्याचे ऐकून सणाला शिळवट ठेवणार काय? आता पाणी राखावे तर आईचा शब्द मोडतो, आणि उपसावे तर तळ मोडून मेथी उगवते. इकडे आड तिकडे विहीर, आणि मध्ये श्रीमंत ओल्या चड्डीनिशी उभे.

तेव्हा राणीसाहेब पदरास हात पुशीत पुढे आल्या आणि बोलिल्या, "सासूबाई, सकाळी तांदळाची कोठी घासलीत आणि पुसल्याबरोबर मूठभर तांदूळ परत टाकलेत, ते का?"

"अगं, कोठी कधी ठणठणीत ठेवू नये. बरकत जाते घराची."

"मग ही कोठी कशी हो ठणठणीत ठेवायची?"

मातोश्रींनी हातातील खराटा पाहिला, मग खड्डा पाहिला, मग लेकाचे तोंड पाहिले, आणि म्हणाल्या, "मूठ कोठीच्या मापाने टाकावी लागेल. लाव नळ." मग नळ लावून नळ्यांच्या मुखांखालपर्यंत पाणी भरिले, आणि पाण्यास औषध घातिले, आणि वर आच्छादन पसरून कडेस पाण्याच्या पिशव्या ठेविल्या. एक पिशवी कमी पडली, तिचे जागी मातोश्रींनी आपला पाटा दिला आणि काठास हळदकुंकू वाहिले.

मग बर्फ पडला, आणि श्रीमंत रोज सकाळी दात घाशीत खिडकीतून पाहत, आणि काही दिसत नसे, आणि जीव टांगणीस लागे. पुढे शके सत्तेचाळीस, ज्येष्ठ मासी, डंकीनसाहेबांस बोलावून आच्छादन काढिले. तळास तडा नाही, नळ्यांस गळती नाही. श्रीमंतांचे डोळे आनंदाने भरून आले. परंतु वळून पाहतात तो मातोश्री मेथीच्या बियांची पुडी हाती घेऊन उभ्या. मातोश्रींनी पुडी सुनेचे हाती दिली, कुंडीत पेर म्हणून सांगितले, आणि लुगडे किंचित वर धरून पायरीशी आल्या.

"निळोबा, हात दे. माझेही गुडघे दुखतात रे, कधी बोलले नाही."

ऐसी मोहीम फत्ते जाहली आणि पुष्करणी राहिली. हल्ली उन्हाळ्याचे सायंकाळी श्रीमंत उताणे तरंगतात, आणि मातोश्री पायरीवर कमरेइतक्या पाण्यात बसतात, आणि राणीसाहेबांनी हाक मारिली असता, मातोश्रींचे कान कोरडे असूनही, मायलेकांपैकी कोणासही ऐकू येत नाही. इति.