टाकी दिसत नाही

आमच्या सुरेशदादाच्या लेखी परवानगीशिवाय सांगलीच्या विश्रामबागेतल्या आमच्या घराचं फाटक ओलांडता येत नाही. भाजीला जायचं तरी चिठ्ठी. तिच्यावर त्याची सही, माझी सही. पन्नाशी उलटलेली बाई मी, कॉलेजात पोरांना दटावणारी, आणि कोथिंबिरीच्या जुडीसाठी सख्ख्या भावासमोर सह्या करते. डोकं फिरतं माझं.

दादा एका विमान कंपनीत डिस्पॅचर होता. म्हणजे स्वतः जमिनीवर बसून विमान सोडायचं की नाही ते ठरवणारा. कागदावर कॅप्टनची आणि त्याची, दोघांची सही लागायची. एकजण नाही म्हणाला की विमान जागेवर. जिथं उतरायचं तिथं ठरलेल्या अंतरापेक्षा कमी दिसत असेल, तर दादाचं ठरलेलं वाक्य: "मिनिमाच्या खाली. सोडणार नाही." चार वर्षांपूर्वी रिटायर झाला, आमच्या वरच्या मजल्यावर राहायला आला, आणि विमानं उरली नाहीत म्हणून आम्हाला अडवायला लागला.

पलूसला लग्नाला निघालो तर म्हणे, "पर्यायी ठिकाण सांग. तिथं उतरता आलं नाही तर कुठं जाणार?" माझा नवरा वैतागून म्हणाला, "तासगावच्या मावशीकडं." दादानं ते लिहून घेतलं. शिवाय विमानात इंधन भरावं तशा डब्यात पलूसपुरत्या पोळ्या, तासगावपर्यंतच्या पोळ्या आणि वर अर्ध्या तासाच्या जादा पोळ्या. लग्नाला पोळ्या बांधून नेणारी माणसं बघितलीत कधी?

हेही मी हसण्यावारी नेलं असतं. पण मेढ्याच्या आत्याचा विषय निघाला की मला हसू येत नाही. आई गेल्यावर आम्हा दोघांना तिनं वाढवलं. ऐंशी ओलांडली, एकटी राहते. महिन्यातून एकदा दादाच्या गाडीतून आम्ही जायचो. त्यासाठी दादा रोज सकाळी सातला तिला फोन करून हवामान विचारायचा. टाकी दिसते? म्हणजे गावची पाण्याची टाकी. अंगणापलीकडचा फणस दिसतो? टाकी दिसली तर निघायचं. नाहीतर धुकं आहे, जाणं रद्द.

दिवाळीपासून टाकी दिसेना. मग फणसही दिसेना. मी म्हटलं, "अरे, होळी तोंडावर आली. सांगलीत चटके बसतायत. कसलं धुकं घेऊन बसलास?"

"निरीक्षक जागेवर आहे, तू नाहीस," म्हणाला. निरीक्षक म्हणजे आत्या.

मी त्याच्या तोंडावर चिठ्ठी फाडली आणि एसटीनं निघाले.

मेढ्यात लख्ख ऊन होतं. टाकीवर रंगवलेली अक्षरंसुद्धा वाचता येत होती. आत्या ओसरीवर बसली होती. मी तिच्यापासून दोन हातांवर उभी, तरी म्हणाली, "कोण हाय गं?"

मी वाकून बघितलं, दोन्ही बुबुळं पांढरट झालेली. मग मी तिच्यावरच भडकले. "दिसत नाही तर सांगायचं नाही होय?"

"मला वाटलं, यंदा धुकंच लय हाय."

"मग टाकी दिसते म्हणून ठोकून द्यायचं की. आलो असतो आम्ही. तुला वाटत नव्हतं आम्ही यावं?"

"वाटत न्हवतं कसं? रोज वाटायचं. पर माझ्या सांगण्यावर सुरेश इमानं सोडतोय, बाय. आत माणसं बसल्याली असत्यात. खोटं बोलून कसं चालंल?"

चार वर्षं झाली रिटायर होऊन, आणि या माणसानं तिला सांगितलंच नव्हतं. तळपायाची आग मस्तकात गेली माझ्या. परसात जाऊन त्याला फोन लावला आणि एका दमात सगळं सुनावलं. आभाळ स्वच्छ आहे, तिच्या डोळ्यांत मोतीबिंदू आहे, दिवाळीपासून म्हातारी वाट बघतेय, आणि तुला नोकरीचं नाटक कशाला हवं होतं रे?



"नुसतं कशी आहेस विचारलं ना, तर बरी हाय म्हणून फोन ठेवून देते गं ती," तो म्हणाला. "टाकी विचारली की दहा मिनिटं बोलते. मग फणस, मग शेजारणीची म्हैस. रिटायर झाल्यावर माझ्याशी दुसरं कोण बोलतं एवढं?"

मी खालच्याच मजल्यावर राहते.

"ये तू आधी," मी म्हटलं.

फोन तसाच चालू राहिला आणि घाईघाईनं जिना उतरताना त्याला लागलेली धाप मला ऐकू येत होती.