कॉर्डेलिया अव्हेन्यूवरील बाक सर केल्याची हकीकत

श्रीकृपेंकरोन, बेथाबारा चर्चचे पास्टर राजमान्य राजश्री एझेल ब्रॉडनॅक्स यांस मान देऊन, त्यांचे कुटुंब, जिला मंडळी फर्स्ट लेडी म्हणतात, तिजला मान देऊन, थोरले गायकमंडळास मान, धाकटे गायकमंडळास मान, दारी पांढरे हातमोजे घालोन उभे राहणारांस मान, तळघरातील मुदपाकखान्यास विशेष मान देऊन, आणि कोणाचे नाव गळाले असल्यास तो दोष डोक्याचा धरावा, काळजाचा धरू नये, ऐशी आगाऊ माफी मागोन, रहिवासी मंडळाचा चिटणीस ऑर्व्हिल टिसडेल, ज्याने टपालखात्यात एकतीस वर्षे चाकरी करोन दोन कुत्र्यांचे चावे एवढीच दौलत मिळविली, तो ही हकीकत लिहितो. मंडळाची आज्ञा जाहली की साद्यंत लिहिणे, स्वतःची फजिती वगळू नये. वगळली असती, परंतु आज्ञा जाहली.

सरोवराकाठचे थोर शहर, त्याचे दक्षिण भागी कॉर्डेलिया अव्हेन्यू, तेथे काळ्या लोकांची वस्ती तीन पिढ्यांची. मंडळाच्या अध्यक्षा पळीबहाद्दर व्हर्लीन गेदर्स, ज्यांनी शाळेचे स्वयंपाकघर सव्वीस वर्षे एकहाती राखिले. त्यांचे कारकिर्दीत ओसाड घरांस कुलपे पडली, आणि रिकामे जागेत भाजी लागली, आणि घरोघर फिरोन मतदारयादीत नावे चढली, आणि विझलेले अकरा दिवे पुन्हा पेटले. ऐशा फत्तेने मंडळ थोडे फुगलेही होते, हे कबूल करणे प्राप्त आहे.

ऐशास मार्च महिन्यात बसखात्याचे दोन गडी आले आणि नाक्यावरील थांब्याचे बाक उखडोन घेऊन गेले. कारण पुसता, बाकावर लोक बसून राहतात ऐशी तक्रार असल्याचे कळविले. रुळांपलीकडील गोऱ्या वस्तीत थांब्यांस छप्पर, काच, आणि थंडीत ऊब देणारा दिवा. तेथेही लोक बसतात, परंतु तेथे त्यास वाट पाहणे म्हणतात.

संकट सर्वांवर आले, परंतु घाव एकीवर बसला. ती मदर झिपोरा पेटवे, वय ब्याऐंशी, चर्चमधील वडील मातोश्री. बखरीची रीत ऐशी की विधवा वडील बाईस गंगाभागीरथी लिहावे. येथे गंगा नाही, सरोवर आहे, सबब सरोवरभागीरथी लिहितो. ती आठवड्यातोन तीन दिवस रक्त मशीनवर धुवोन घेण्यास बसने जाई, आणि परतोन उतरली म्हणजे बाकावर टेके, आणि पायांत जीव आला म्हणजे घराकडील चाळीस पावले चाले. बाक गेले, आणि मग मदर थांब्याचा खांब धरोन उभी राहू लागली. एके बुधवारी व्हर्लीनबाईंनी खिडकीतोन पाहिले तो मदरचे ओठ हलताना दिसले. प्रार्थना चालली असेल समजोन बाई खाली आल्या, तो मदर आकडे मोजीत होती.

“शंभर झाले की एक पाऊल टाकायचं असं ठरवलंय गं,” मदर म्हणाली. “सत्तर झालेत. आता बोलू नकोस, विसरेन मी.”

बाई घरी येऊन रडल्या, आणि मग संतापल्या, आणि बाक परत आणल्यावाचोन ईस्टरची नवी टोपी डोक्यावर घालणार नाही ऐशी शपथ वाहिली. ज्यांनी ती टोपी पाहिली आहे त्यांस शपथेचे वजन कळेल.

मग चर्चचे तळघरात मसलत बसली. आधी प्रार्थना जाहली, ती तळलेले मासे निवेपर्यंत चालली, आणि मग मागील सभेचे इतिवृत्त, आणि मग त्यास दुरुस्ती, आणि मग दुरुस्तीस अनुमोदन. शेवटी ठरले की नगरसभेचे दरबारी जाऊन तोंडी अर्ज करावा, आणि वकील तीन नेमिले: खासा अध्यक्षा, चर्चचे कारभारी डीकन रूफस क्वाल्स, आणि चिटणीस. मदरचे नाव चौथे घातले, ते केवळ शोभेस. त्यावर दरबारचा खलिता आला की एकेकास दोन मिनिटे, तांबडा दिवा लागला की तोंड बंद.

येथे मोठा पेच पडला. ह्या मंडळींत रीत ऐशी की बोलण्यास उभे राहिले म्हणजे प्रथम देवास मान द्यावा, मग पास्टरास, मग यथाक्रम सर्वांस, आणि मग विषयास हात घालावा. ही रीत पोकळ नव्हे. व्हर्लीनबाईंची आई रुळांपलीकडील घरांत धुणीभांडी करी, आणि तेथील सहा वर्षांचे पोर तिजला नुसत्या नावाने हाक मारी. रविवारी चर्चमध्ये मात्र तिचे पूर्ण नाव हुद्द्यासह मोठ्याने पुकारले जाई, आणि ती ताठ बसे. ते व्हर्लीनबाईंनी बाळपणी पाहिले होते, आणि तेव्हापासोन त्यांनी कोणाचेही नाव गाळिले नव्हते.

“पास्टरांना थोडं कापता येईल का?” डीकननी भीत भीत विचारिले.

“जीभ झडेल तुमची, डीकन,” व्हर्लीनबाई म्हणाल्या.

“फर्स्ट लेडी?”

“मग रविवारी तोंड कुठे लपवाल?”

“निदान थोरलं गायकमंडळ तरी...”

“मी गातो त्यात,” चिटणीस म्हणाला.

तेव्हा चिटणिसानेच तोड काढिली की नावे सर्व राहू द्यावी, शेवटचे आभारही राहू द्यावे, मधला भाग कापावा. ठराव एकमते मंजूर जाहला आणि केक वाटला. मधल्या भागात बाक होते, हे कोणाचे ध्यानी आले नाही. ही अक्कल चिटणिसाची. इतिवृत्तात त्याचेच अक्षरात नोंद आहे.

मग एप्रिलचे दुसरे मंगळवारी, सतरा असामी, तीन वकील, दोन डबे तळलेली कोंबडी, ऐसा सरंजाम चर्चचे गाडीत भरोन कूच केले आणि दरबारी मुक्काम केला. पुकारा होताच अध्यक्षा पुढे जाहल्या. त्यांनी देवास मान दिला, आणि पास्टरास दिला, आणि फर्स्ट लेडीस दिला, आणि दोन्ही गायकमंडळांस दिला, आणि हातमोजेवाल्यांपाशी आल्या तो तांबडा दिवा लागला. मग डीकन चढाई करोन गेले. मुदपाकखान्याचे नाव राहिले हे त्यांचे ध्यानी होते, आणि मुदपाकखान्यात त्यांचे कुटुंब होते. त्यांनी दोन्ही मिनिटे तेथेच खर्चिली. मग चिटणीस. त्याने अध्यक्षांचे आभार मानिले, आणि डीकनचे मानिले, आणि चौदा पानांचे बाड काढिले, आणि चष्मा पुसिला, आणि पुन्हा पुसिला, आणि दिवा लागला.

सभापती सद्गदित जाहले. म्हणाले की ह्या दरबारी लोक येतात ते शिव्या देण्यास, नुसता मान देण्यास आलेली मंडळी आजच पाहिली, सबब बहुत आभार. सभेने टाळ्या वाजविल्या. सहा मिनिटांत बाक हा शब्द कोणी उच्चारिला नव्हता. ऐशी शिकस्त मंडळाने पूर्वी खाल्ली नव्हती. अध्यक्षांचा चेहरा पाहवेना, आणि चिटणीस आपले बुटांकडे पाहू लागला.

तेव्हा चौथे नाव पुकारले. मदर पेटवे चाके लाविलेल्या चौपायी काठीवर हात टेकोन उठली आणि निघाली. तिने माइक गाठेपर्यंत एक मिनिट चाळीस सेकंद उडाले होते.

“आमच्या स्टॉपवरचं बाक तुम्ही उचलून नेलंत,” ती म्हणाली. “माझं रक्त मशीनवर धुतात. परत येते तेव्हा पाय माझे राहत नाहीत. बाक आणून ठेवा.” आणि थोडा वेळ उरला होता तो वाया जाऊ नये म्हणून, “आणि आमच्या व्हर्लीनला मध्येच तोडलंत, ते काही बरं केलं नाहीत.”

दिवा लागला. बसखात्याचा अंमलदार उठोन अर्ज करिता जाहला की तेथील बाकावर लोक बसतात ऐशी तक्रार आहे. मदरचा माइक बंद होता, तरी आवाज शेवटल्या रांगेपर्यंत पोहोचला.

“बसणारच ना, बाळा. बाक आहे ते.”

दरबार हसला, आणि सभापती हसले, आणि मग हसू जिरले, कारण मदर हसली नव्हती. फर्मान निघाले की तीस दिवसांत बाक बसवावे. ते सत्तर दिवसांनी बसले.

आता येथे तरी मंडळाने धडा घ्यावा की नाही? परंतु उद्घाटन ठरले. बाकास निळी फीत बांधिली, येणेकरोन कोणी आधी बसू नये. शुक्रवार नेमिला, कारण नगरसेवकांस तोच सोयीचा. मदरचा वार तोच, हे चिटणिसाने पाहिले नाही. कातर आणण्याचे कामही त्याजकडे होते, ती घरी राहिली. व्हर्लीनबाई टोपी घालोन उभ्या राहिल्या, हाती एकवीस नावांची यादी, येथे तांबडा दिवा नाही म्हणोन आवाज मोकळा. अकरावे नाव वाचिले तो बस आली, दार उघडले, आणि मदर उतरली.

तोंड राखेसारखे जाहले होते. तिने बाक पाहिले, आणि फीत पाहिली, आणि जमाव पाहिला, आणि खांब धरिला. ओठ हलू लागले. व्हर्लीनबाईंस ते आकडे दुरूनच ऐकू आले. त्यांनी बारावे नाव, जे नगरसेवकांचे होते, ते तोंडात आलेले गिळिले, आणि फीत दोन्ही हातांनी ओढिली. ती तुटेना, तेव्हा दातांनी तोडिली. मग मदरला कवेत धरोन आणिले आणि बसविले.

मदरने पाठ टेकिली आणि डोळे मिटले. व्हर्लीनबाई बाजूस टेकल्या, यादी मुठीत चुरगळली होती, आणि आपण त्या बाईस आपल्याच फितीपुढे उभे केले ह्या शरमेने त्यांचे डोळे भरोन आले.

“किती राहिलीत?” मदरने डोळे न उघडता विचारिले.

“दहा. जाऊ द्या, मदर.”

“का जाऊ द्यायचं? ती माणसं नाहीत? वाच तू. आता मी बसून ऐकते.”

बाईंनी कागद मांडीवर सरळ केला आणि वाचू लागल्या, एकेक नाव पूर्ण, हुद्द्यासह. मदर चौथ्या नावास निजली. कोणी तिला उठविले नाही, आणि उरलेली सहा नावे हळू आवाजात वाचिली. जूनचा शेवटचा शुक्रवार, दोन प्रहर उलटोन चार वाजता, नाक्यावरील बाक सर जाहले, आणि मंडळाचे ताब्यात आले, आणि मदर झिपोरा पेटवे त्यावर पाऊण तास निजली. हे चिटणिसाने डोळां पाहिले, म्हणोन लिहिले.