टिटवीचं मागाहून येणारं चित्र

एका जंगलात झाडं थोडी होती आणि सूचना फार होत्या. ज्या त्या खोडावर पाटी. तळ्याचं पाणी गढूळ करू नये. फांदीला लोंबकळू नये. दिवसा ओरडू नये.

ही शेवटची पाटी, बाळांनो, एकट्या सगुणासाठी लावलेली होती.

सगुणा ही टिटवी. लांब पिवळे पाय, डोळ्यापुढे लाल चकती, आणि आवाज असा की झोपलेल्या वाघानंही कूस बदलावी. टिटवी झाडावर घरटं बांधत नाही. उघड्या माळावर थोडे खडे गोळा करते आणि त्यांच्यातच अंडी घालते. अंडीही दिसायला खड्यांसारखीच, मातकट, ठिपक्याठिपक्यांची. कोणी जवळ आलं की ती रान डोक्यावर घेते. बिचारीकडे दार नाही, कडी नाही. आहे तो आवाज.

सगुणानं यंदा पहिल्यांदाच अंडी घातली होती. चार. तळ्याच्या काठावर एक घोरपड राहायची. ती सारखी तिकडे फिरकायची, आणि सगुणा सारखी ओरडायची.

एके दिवशी घुबडतात्यांनी तिला बोलावून घेतलं. तात्या रहिवासी मंडळाचे अध्यक्ष. त्यांची झोपायची वेळ दिवसाची.

"सगुणाबाई, माझी झोप होत नाही."

"तात्या, घोरपड येते हो. मी ओरडले नाही तर माझी अंडी जातील."

"पण हल्ली कोणी ओरडतं का? कॅमेरा लावा. माझ्या झाडाखाली सावलीत बसा आणि मोबाइलमध्ये बघा. घोरपड दिसली की जा आणि हाकला. पहारा होईल आणि शांतताही राहील."

सगुणाला ते पटलं. ऊन तर तिलाही लागत होतं.

कावळा कॅमेरा घेऊन आला. अंड्यांजवळ काठी रोवून त्यानं तो वर बसवला. वायफायचा डबा मात्र तात्यांच्या ढोलीत ठेवला, कारण अध्यक्ष तेच.

"वायर नाही, काही नाही," कावळा म्हणाला. "इकडे बसायचं, तिकडचं दिसतं."

सगुणानं मोबाइल पायाशी धरला. माळ दिसला. खडे दिसले. चार अंडी दिसली. तिच्या डोळ्यांत पाणीच आलं. इतक्या लांबून आपली लेकरं बघायचं सुख तिच्या आईला कधी मिळालं नव्हतं.

थोड्या वेळानं तिचा नवरा केरबा शेजारी येऊन उभा राहिला. सगुणा दचकली.

"अहो, तुम्ही इथे कसे? तुम्ही तर अंड्यांवर बसलाय."

"बसलो होतो. आता इथे आलो."

"छे! हे बघा ना, बसलेले आहात."

केरबानं मान वाकडी करून पाहिलं. खरंच, चित्रातला केरबा अंड्यांवर बसून चोचीनं पंख साफ करत होता.

"अगं, ते मघाचं आहे."

"मघाचं कसं? वर लाइव्ह लिहिलंय."

लिहिलेल्यापुढे केरबाचं काही चालत नसे.

पुढे रोजच असं होऊ लागलं. चित्र कधी गोल गोल फिरत राही. कधी वाऱ्यानं हललेलं गवत वाकलेलंच राही. सगुणा उडून माळावर पोचे, काही नाही हे बघून परत येई, आणि मग मोबाइलमध्ये तिला एक टिटवी घाईघाईनं माळावर येताना दिसे.

आणि मग ती दुपार आली.

सगुणा चित्र बघत होती. चार अंडी, शांत माळ. तिला उगाच हुरहुर वाटली. ती उठली आणि जाऊन आली.

माळावर अंडी तीन होती.

ती झाडाखाली परत आली. मोबाइलमध्ये अजून चार होती. सगुणा त्या चौथ्या अंड्याकडे बघत बसली. त्याच्या एका अंगाला काळा ठिपका मोठा होता. हे तिला ठाऊक होतं, पण इतकं नीट तिनं कधी पाहिलं नव्हतं. मग चित्राला एकदम आठवण झाल्यासारखं ते पुढे सरकलं. घोरपड आली, तिनं तोंड घातलं आणि ती गेली. राहिली तीन.

सगुणा ओरडली नाही. पाटी होती ना.

दुसऱ्या दिवशी मंडळाची सभा भरली. सगळं जंगल जमलं, कारण सगळं जंगल रोज ते चित्र बघत होतं. सर्वांच्या सुरक्षेसाठी म्हणून तात्यांनी पासवर्ड वडाच्या खोडावर लावून टाकला होता.

सगळ्यात मोठी तक्रार घोरपडीची होती.

"काय हो तात्या, चित्र किती अडकतं!" ती म्हणाली. "बाई माळावर आहे की नाही हे कळायला मार्ग नाही. आम्ही कामाचं नियोजन करायचं कसं?"

"बरोबर आहे," तात्या म्हणाले. "ही सर्वांचीच अडचण आहे."

सगुणा मागच्या रांगेत उभी होती. तिनं काही म्हणायला चोच उघडली, पण तात्यांनी कावळ्याला पुढे बोलावलं.

कावळ्यानं आधी विचारलं, "बंद करून परत चालू केलंत का?"

"केलं."

"मग डबा आणि कॅमेरा यांच्या मधे काहीतरी आडवं येतंय."

मधे गवा बसला होता. एवढा मोठा काळाभोर गवा. त्याच्या अंगातून वायफाय जाणार कुठून?

"गवादादा, जरा सरकता का?" सगुणा म्हणाली.

"मी इथे आधी की वायफाय आधी?" गवा म्हणाला आणि रवंथ करू लागला. तो विषय तिथेच संपला.

"मग बघणारे कमी करा," कावळा म्हणाला. "एवढ्या सगळ्यांनी एकदम बघितलं तर चित्र धापा टाकणारच."

प्रत्येकजण शेजाऱ्याकडे बघू लागला. ससा म्हणाला की तो फक्त काळजीपोटी बघतो. माकड म्हणालं की ते जेवताना थोडंसं बघतं. घोरपड म्हणाली की तिचा तर पोटापाण्याचा प्रश्न आहे. कोणीच कमी झालं नाही.

"मग चित्र थोडं पुसट करतो. हलकं झालं की पळेल."

कावळ्यानं तेही केलं. चित्र पळू लागलं. पण आता अंडी कोणती आणि खडे कोणते ते ओळखेना. सगुणानं अख्खी सकाळ एका गोट्याकडे मायेनं बघण्यात घालवली. तो गोटा आहे हे तिला केरबानं सांगितलं.

शेवटी कावळा म्हणाला, "आता एकच उपाय. डबा उचलून अंड्यांजवळ नेऊन ठेवू. आणि सगुणाताई, तुम्हीही डब्याजवळच बसा. मोबाइल, डबा, कॅमेरा, सगळं एका जागी. मग बघा कसं चालतं!"

असं झालं, बाळांनो. सगुणा परत माळावर आली, जिथे ती आधी होती. डबा शेजारी, कॅमेरा मागे काठीवर. उन्हानं मोबाइल चमकायचा म्हणून ती त्याला स्वतःची सावली करून, अंड्यांकडे पाठ फिरवून बसली.

चित्र आता पाण्यासारखं वाहू लागलं. गवत हललं की हललेलं दिसे. फक्त आवाज थोडा मागे राहिला होता. चित्रात बेडूक तोंड मिटून पाण्यात उडी मारायचा आणि मग त्याचं डराव ऐकू यायचं. "एवढं चालायचंच," कावळा म्हणाला. "बघायला घेतलाय, ऐकायला नाही."

सगुणा बघू लागली. तिला तीन अंडी दिसली, आणि त्यांच्या पलीकडे एक टिटवी दिसली, पाठमोरी, मान खाली घालून बसलेली.

"कोण बाई ही?" सगुणाला राग आला. "माझ्या अंड्यांपाशी येऊन बसली आणि लक्ष कुठे आहे हिचं?"

तिनं ती टिटवी ओळखली नाही, यात तिची चूक नव्हती. स्वतःची पाठ कोणी पाहिलेली असते?

तेवढ्यात चित्रात गवत दुभंगलं. घोरपड बाहेर आली. सावकाश, पोट घासत, जीभ आत-बाहेर करत. तिला कसलीच घाई नव्हती. पाठमोरी टिटवी तशीच बसलेली.

सगुणाचा राग गेला. तिचा जीव कळवळला. त्या बाईला काय भोगावं लागणार हे तिला ठाऊक होतं. आपल्या वेळी आपल्याला कोणी सांगितलं नाही, निदान हिला तरी कोणी सांगायला हवं.

घोरपडीनं मान पुढे केली. जबडा उघडला.

"अगं बाई, मागे बघ!" सगुणा मोबाइलवर किंचाळली. "मागे! तुझ्या मागे! टिटिव् टिव्! टिटिव् टिव्!"

किती दिवसांचं साठलेलं ते सगळं एकदम बाहेर आलं. तळ्यावरचे बगळे उडाले. गवा उठून उभा राहिला. तात्या ढोलीतून खाली पडले. आणि घोरपड! टिटवी आता ओरडत नाही अशा भरवशावर ती आली होती. तिची अशी काही गाळण उडाली की जबडा मिटायचं विसरून ती तशीच तळ्यात धबकन पडली, ती दुसऱ्या काठाला जाऊन निघाली, आणि परत त्या माळाला फिरकली नाही.

तीनही अंडी जागच्या जागी होती.

पुन्हा सभा भरली. तात्यांच्या डोक्याला टेंगूळ आलं होतं. घडलं काय ते ठरवायला सर्वांसमोर रेकॉर्डिंग लावलं.

चित्रात घोरपड आली. तिनं जबडा उघडला. ती दचकली आणि पळाली. तळ्यात पाणी उडालं. सगळं शांत झालं. आणि मग, त्या शांत माळावर, आवाज आला, "मागे बघ! टिटिव् टिव्!"

"पाहिलंत?" तात्या म्हणाले. "घोरपड आधीच पळाली होती. कॅमेऱ्याला बघून घाबरली. ही बाई नंतर विनाकारण ओरडली."

टाळ्या पडल्या. कॅमेऱ्याला हार घातला, काठीला शाल पांघरली. कावळा कॅमेऱ्याच्या वतीनं दोन शब्द बोलला. घोरपडीच्या ओळखीतल्या एका सापानं तर आपल्या वारुळासाठी तसलाच कॅमेरा तिथल्या तिथे सांगून ठेवला.

सभा संपल्यावर केरबा आणि सगुणा माळावर परतले. वाटेत सगुणा म्हणाली, "मी उगाच ओरडले हो. तात्यांना लागलं."

"उगाच नाही," केरबा म्हणाला. "तू ओरडलीस म्हणून ती पळाली. मी तळ्यावर होतो. मी पाहिलं."

"कशात पाहिलंत?"

"डोळ्यांनी."

सगुणानं त्याच्याकडे फार मायेनं पाहिलं. नवरा भोळा आहे हे तिला माहीत होतं. ती हळूच म्हणाली, "दुसऱ्या कोणाला सांगू नका हं."

आणि मोबाइल नीट सावलीत धरून, पाठ फिरवून, ती पिल्लं बाहेर यायची वाट बघत बसली.

तात्पर्य काढायचंच तर ते असं: बाळांनो, डोळ्यांनी पाहिलेल्यावर कधी विश्वास ठेवू नये. ते फार लवकर दिसतं.